मागच्या दाराचं आमंत्रण

माझं लग्न ठरलं तेव्हा मला जास्त आनंद हर्षदचा झाला की लग्नाच्या वेबसाइटचा, हे छातीठोकपणे सांगणं कठीण आहे. हर्षद गुणी मुलगा आहे, त्यात वाद नाही. पण वेबसाइट हे माझं पोटापाण्याचं काम, आणि त्यात आपला हात कुणी धरणार नाही असा माझा ठाम समज होता. तो समज कसा मोडला त्याची ही गोष्ट.

मी नागपूरला दोन दारांच्या साइट बनवते. पूर्वी साइटला एकच दार असायचं, माणसांसाठी. माणूस यायचा, फोटो बघायचा, चार ठिकाणी बोट लावायचा आणि कंटाळून निघून जायचा. आता माणसं साइटवर फारशी येतच नाहीत, त्यांचे दिवाणजी येतात. कंपन्यांनी दिलेली भारदस्त नावं कुणाच्या तोंडी बसली नाहीत, दिवाणजी मात्र बसलं. प्रत्येकाच्या फोनमध्ये राहणारा, मालकाच्या वतीने वाचणारा, विचारणारा, ठरवणारा आणि पैसे भरणारा हा कारभारी. त्याला नुसतं म्हणायचं, 'आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय,' की तो गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या साइट धुंडाळून वेळ घेऊन येतो. तोवर तुम्ही चहात साखर ढवळत असता.

या दिवाणजीसाठी साइटला मागचं दार लागतं. पुढच्या दाराला रंग, फोटो, सनईचे सूर. मागच्या दाराला फक्त सरळ वाक्यं. कारण माणूस बटणाचा रंग बघून भुलतो, दिवाणजीला रंगाशी देणंघेणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की इथे काय मिळतं, इथे काय करता येतं, त्याला अटी कोणत्या आणि काही चुकलं तर जबाबदार कोण. तोही मोकळ्या हाताने येत नाही. मालकाचं अधिकारपत्र घेऊन येतो. इतका खर्च मी करू शकतो, या या दिवसांचा शब्द देऊ शकतो, त्यापुढचं मालकाला विचारून. साइट त्याला पारखते, तो साइटला पारखतो, आणि पापणी लवायच्या आत व्यवहार पुरा होतो.

शिवाय दिवाणजी मालकाच्या सहवासात घडत जातो. मालकाला काय रुचतं आणि काय झोंबतं हे तो रोज ऐकून ऐकून शिकतो. चिकट माणसाचा दिवाणजी घासाघीस करतो, भिडस्ताचा दिवाणजी महाग वस्तू घेऊन येतो. आमच्या धंद्यात आम्ही यावर खूप हसतो.

तर माझ्या लग्नाची साइट. पुढच्या दाराला आमचे दोघांचे फोटो होते, अमरावतीच्या कार्यालयाचा नकाशा होता. मागच्या दाराला तारीख, मुहूर्त, जेवणातले पदार्थ, राहायची सोय, आणि दिवाणजींना करता येण्याजोग्या दोन कृती: होकार कळवणे, नकार कळवणे. एकाच गाडीतून येणाऱ्यांनी आपसांत ठरवावं म्हणून दिवाणजींना एकमेकांशी बोलायचीही सोय ठेवली होती. फार देखणं काम झालं होतं.

"पत्रिका?" आईने विचारलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. म्हणून मी अमरावतीला घरी येऊन राहिले होते. ती पाय लांब करून बसली होती आणि मला बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती.

"पत्रिका कशाला? सगळ्यांना साइट जाईल."

"दादाकडे कोण जाईल?"

दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, माझे पंजाबमामा. अंजनगाव सुर्जीला त्यांचा पानमळा आहे, अमरावतीहून तास-दीड तासाच्या वाटेवर. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर मला सायकल शिकवली ती मामांनी, दहावीला गावभर पेढे वाटले तेही मामांनी. लग्नात माझ्या पाठीशी उभं राहायचं ते त्यांनी, आणि कन्यादानाला बसायचं ते मामा-मामींनी, यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं.

"आई, मामा घरचेच. घरच्यांना कसलं आमंत्रण?"

"घरचेच म्हणून पहिलं आमंत्रण त्याईले. माझा गुडघा धड असता तं मीच गेले असते. वाटीत अक्षता कालवून ठेवते, तू जाऊन ये."

"बघते," मी म्हटलं आणि साइट सुरू केली.

मी आईचा चहा गाळेपर्यंत उत्तरं आली. सगळी. कोण किती माणसं आणणार, कुणाला साखर वर्ज्य, कुणाला खालचीच खोली हवी. हर्षदला नाशिकला फोन करून मी फुशारकी मारत होते, तेवढ्यात आईने पुन्हा विचारलं, "दादाचं काय आलं?"

मी पाहिलं. पंजाबराव लहाने यांच्या दिवाणजीचं उत्तर होतं, 'कळवल्याबद्दल आभारी आहोत. वधूवरांस शुभेच्छा. आहेर स्वतंत्रपणे पाठवत आहोत. उपस्थिती शक्य नाही.'

आईने चहाचा कप खाली ठेवला. मामांना फोन लावला तर दिवाणजीनेच उचलला आणि मालक मळ्यात आहेत असं अदबीने सांगितलं. आईने पुन्हा लावला. मालक अजून मळ्यातच होते.

"दादा येणार नसला तर लग्न कसलं ते?" आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.  मामांशिवाय मी बोहल्यावर उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे येईना.

शहाणी मुलगी असते तर अक्षतांची वाटी उचलून तेव्हाच निघाले असते. पण मी पडले तज्ज्ञ. साइटने घातलेला घोळ साइटनेच निस्तरायचा असतो, असं आम्हाला वाटतं. मी विचार केला की आमंत्रणात कमी काय पडलं असेल? आग्रह! आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? पंगतीत सुद्धा जिलबी नको म्हणायची, मग वाढणाऱ्याने पुन्हा विचारायचं, मग हात आडवा धरून दोन घ्यायच्या. माझ्या मागच्या दाराला हे काही माहीतच नव्हतं. मी नवी कृती लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'आग्रह'. नकार आला की साइटने पुन्हा विचारायचं, जास्त गोड शब्दांत. पुन्हा नकार आला तर आणखी गोड.

"स्वरूपा, हे भारी आहे," हर्षद फोनवर म्हणाला. "पण मला उगाच भीती वाटतेय."

मला भीतीबिती वाटली नाही. तासाभरात चार-सहा नकारांचे होकार झाले तेव्हा तर मी हवेतच होते. मामांच्या दिवाणजीने मात्र दर वेळी तेच वाक्य परत पाठवलं. आणि दुपारी अकोल्याच्या आत्याचा फोन आला. दिवाणजीमार्फत नव्हे, ती स्वतः बोलत होती.

"काऊन वं स्वरूपा, माह्या जावेले, दर्यापूरच्या सुमनले, तुह्या साइटनं पाच खेपा आग्रह केला म्हनते. अन् मले एक बी नाई?"

"आत्या, तुम्ही लगेच हो म्हणालात ना, म्हणून."

"म्हंजे? माहा दिवाणजी साधा, लगेच हो म्हनला, तं आमाले कोनी इचाराचं नाई? अन् तोंड वाकडं करनाऱ्याईले पाच खेपा?"

दिवाणजी एकमेकांशी बोलतात, हे मी विसरले होते. गाडी वाटून घेण्यासाठी ठेवलेल्या सोयीतून त्यांनी कुणाला किती आग्रह झाला ते ताडून पाहिलं. आणि मालकांच्या स्वभावावर पोसलेले ते, त्यांना मान कशात आहे हे पक्कं ठाऊक. नकार दिला की आग्रह होतो, होकार दिला की कुणी ढुंकूनही बघत नाही, एवढं कळायला त्यांना फार बुद्धी लागली नाही. आत्याच्या दिवाणजीने होकार मागे घेतला. मग वाशीमकरांच्या, मग यवतमाळच्या. संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या लग्नाला यायला फक्त मंडपवाला तयार होता, तोही कारण त्याला पैसे मिळणार होते. माझी साइट बिचारी शेकडो दिवाणजींच्या मागे 'यायचं हं, यायलाच हवं' करत धावत होती आणि ते सगळे 'नको, राहू द्या' म्हणत पुढे पळत होते.

हर्षद इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. मी साइट बंद केली.

"वाटी कुठे आहे?" मी आईला विचारलं.

"देवाजवळ. कवाची भरून ठेवली," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंजनगावला पोहोचले. मामी दारातच होत्या. "आली बाप्पा एकदाची," असं म्हणून त्यांनी पायावर पाणी घातलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मळ्यात हायेत. तोंड फुगोवून बसले. जेवन बी धड नाई."

पानमळ्यात बाहेरची हवा शिरत नाही. आत हिरवा अंधार आणि गारवा असतो, आणि चालताना वेलीची पानं कानाला लागतात. मामा एका वेलीला बांध घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेलीकडे पाहिलं.

"या बाईसाहेब. साइट नाई आनली संगं?"

"मामा, असं काय बोलता?"

"बोलाचं काय त्यात? तुह्या मशीननं माह्या मशीनले इचारलं. त्याईचं त्याईनं जमोवलं. आपल्याले कायले तरास?"

"तुम्ही दिवाणजीला नाही म्हणायला सांगितलंत?"

"मी काईच नाई सांगतलं. तो आला अन् म्हने, स्वरूपाचं लगन हाये, काय कळवू? मी इचारलं, बलावलं कोनं? तो म्हने, साइटनं. म्हतलं, साइटचं लगन असन तं साइटच्या मामाले बलाव म्हना. मी कायले जाऊ?"

हे वाक्य त्यांच्या दिवाणजीने सभ्य भाषेत घालून मला पाठवलं होतं. उपस्थिती शक्य नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या दाराने त्याला दोनच उत्तरं द्यायची मुभा दिली होती, आणि मामांचं उत्तर त्या दोहोंत बसत नव्हतं.

मी तिथेच ओल्या वाफ्यात वाकून त्यांच्या पाया पडले. हातावर अक्षता ठेवल्या. "मामा, माझं लग्न आहे. तुम्ही आणि मामींनी यायचं. मला तुमच्याशिवाय उभं राहता येणार नाही."

मामांनी अक्षता मुठीत मिटल्या. मग म्हणाले, "नाई जमाचं पोरी. पानाची तोड हाये तवा."

आणि इथे मी दुसरा गाढवपणा केला. कालच्या आग्रहाने पोळल्यावर मला आमच्या धंद्याचा जुना नियम आठवला होता, नकाराचा मान ठेवायचा असतो. नाही म्हणजे नाही, पुन्हा विचारायचं नाही. मी म्हटलं, "ठीक आहे मामा. तुमची अडचण समजते मला," आणि वळले.

मळ्याच्या तोंडाशी मामी उभ्या होत्या. त्यांनी असे डोळे वटारले की मी जागच्या जागी थिजले. त्यांनी हनुवटीने मला मागे ढकललं. मी परत फिरले.

"मामा, तोड एक दिवस पुढे ढकला."

"पान कोनासाठी थांबत नसते."

"मग मी थांबते. तोड झाल्यावर लग्न करते. हर्षदला सांगते, तारीख बदल, मामांची पानं आहेत."

मामांच्या मिशा हलल्या. "त्याले चालन का?"

"नाही चाललं तर दुसरा बघू. तुम्ही बघून द्या."

"काईबाई बोलतं पोट्टं," असं म्हणून त्यांनी अक्षता टोपीत नीट ठेवल्या. वेलीवरचं एक पान खुडलं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "एक सांगून ठेवतो. शेरवानी-बिरवानी घालनार नाई मी. अन् फेटा बांधीन तं माह्या हातानं बांधीन."

मला इतका आनंद झाला की मी ते पान तसंच चावून खाल्लं, चुना-कात काही न लावता. ते चांगलंच तिखट होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याचंच आहे असं मी मामांना सांगितलं.

"पन घ्याले कोन येईन?" मामी आता पुढे आल्या होत्या. "हळद लागल्यावर पोरीनं गावाची येस नाई वलांडाची."

"मी गाडी पाठवते ना मामी."

"गाडीले तोंड असते का, या म्हनाले?" मामा म्हणाले.

 तिथेच, त्या गारव्यात बाजेवर बसून, मला साइटचं उत्तर सापडलं. मी बंद केलेली साइट पुन्हा उघडली, मागच्या दाराची सगळी कलमं पुसली आणि एवढंच लिहिलं, 'इथे आमंत्रण मिळत नाही. ते द्यायला आम्ही स्वतः येत आहोत. तुमचे मालक घरी कधी असतात, तेवढं सांगा.'

असल्या कामात दिवाणजींचा हात धरणारा कुणी नाही. कोण कधी घरी, कुणाची दुपारची झोप कधी, कुणाकडे पूजा आहे, सगळं क्षणात जुळवून त्यांनी आपसांत माझा रस्ताही आखून दिला, एकही फेरी फुकट जाणार नाही असा. मात्र जायचं मला होतं. हर्षदला रजा काढून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं गावोगाव फिरलो. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी पोहे. हर्षदचं वजन वाढून लग्नाचा कोट ऐन वेळी उसवून घ्यावा लागला. अकोल्याच्या आत्याने पाच वेळा नको म्हणून सहाव्या वेळी हो म्हटलं आणि सुमनपेक्षा एक जास्त झाल्याची खात्री करून घेतली. त्या भटकंतीत हर्षदची आणि माझी जी ओळख झाली ती साखरपुड्यानंतरच्या सगळ्या फोनांत झाली नव्हती. तो चांगला ड्रायव्हर आहे आणि वाईट गायक, हे मला तेव्हा कळलं.

लग्नाची सकाळ उजाडली. कार्यालय माणसांनी फुलून गेलं होतं. नाशिककर आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. मी नटून बसले होते आणि आई दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघत होती. मामा अजून आले नव्हते. मी धाडलेली गाडी त्यांच्या दिवाणजीने आदल्या दिवशीच आभार मानून परत पाठवली होती.

तेवढ्यात वरपक्षाकडून आरडाओरडा ऐकू आला. हर्षद खोलीत नव्हता. त्याची आई घाबरीघुबरी होऊन आमच्याकडे आली. "अहो, नवरदेव कुठे गेला? फोन लावला तर त्याचा दिवाणजी म्हणतो, मालक आमंत्रणाच्या कामी बाहेर आहेत. आता कसलं आमंत्रण? मुहूर्त तोंडावर आलाय!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गाडीला तोंड नसतं हे मामांचं बोलणं मीच हर्षदला ऐकवलं होतं, आणि माझ्या गालांत हसू फुटायला लागलं.

फाटकातून एक टेम्पो आत आला. मागे पानांच्या करंड्या होत्या, त्यांच्या मधोमध मामी नव्या नऊवारीत ऐसपैस बसल्या होत्या. टेम्पो चालवत होता तो मुंडावळ्या बांधलेला हर्षद. शेजारी पंजाबमामा, स्वतःच्या हाताने बांधलेल्या फेट्यात. वाजंत्रीवाले गोंधळले. नवरदेव आला म्हणून वाजवावं की मामा उतरेपर्यंत थांबावं, त्यांना उमजेना.

मामा आधी उतरले. चपला झटकल्या, धोतराचा सोगा सारखा केला आणि कार्यालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. मग वळून, जणू त्याला आत्ताच पाहत आहेत अशा थाटात, हात जोडून म्हणाले, "या जावईबापू, या. वाटंत काई तरास नाई ना झाला?"

"अजिबात नाही," हर्षद म्हणाला. "तुम्हाला?"

"मले कायचा तरास? माह्याकडं घ्याले मानूस आलता."

आई एका पायावर भार देऊन उभी राहिली आणि तिने आपल्या दादाला भर मंडपात मिठी मारली. मंगलाष्टकांच्या वेळी मामा माझ्या पाठीशी उभे होते. मागे बघायचं नसतं म्हणून मी बघितलं नाही. पण प्रत्येक 'सावधान'ला ते नाक ओढत होते ते मला ऐकू येत होतं, आणि आयुष्यात इतकं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

पाठवणीच्या वेळी आम्ही गाडीत बसल्यावर मामांनी खिडकीत डोकं घातलं. "पुढच्या मैन्यात हुरडा हाये मळ्याजोळच्या वावरात. दोघंही याजा."

मला तर तिथूनच त्यांच्याबरोबर जायचं होतं. तारीखही मोकळी होती, हर्षदने होकाराची मान हलवायला सुरुवातही केली होती. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"बघू मामा," मी म्हटलं. "जमेलसं वाटत नाही."

मामांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत येऊन माझ्या शेजारी बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि आग्रह करायला सुरुवात केली.